जाड हातमोजे

पक्कडीच्या टोकाने त्याने खळीच्या ट्रेमधून निळ्या रबराचा एक तुकडा उचलला, फडक्यावर ठेवला आणि पुन्हा वाकला. खळ थंड होऊन घट्ट बसली होती. मोठ्या रोलरच्या आणि त्याला टेकून फिरणाऱ्या धाकट्या रोलरच्या फटीत आणखी रबर अडकलं होतं. ते सुटेना. मग त्याने धाकटा रोलर हाताने थोडा उलटा फिरवला, तेव्हा हातमोज्याची दोन बोटं बाहेर आली. ती ताणून ताणून वीतभर लांब झाली होती आणि टोकाशी पार चपटी होती.

"एवढं आत कसं गेलं हो, साहेब?" पहिलवानाने विचारलं.

पहिलवान म्हणजे अंगाने काडी. खळीच्या मशीनवर दादाचा जोडीदार. काल दादाचा हात आत गेला तेव्हा दोरी ओढून मशीन थांबवलं ते त्यानेच. आज तो मदतीला म्हणून उभा होता खरा, पण रोलरकडे न बघता भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता.

कसं गेलं ते साहेबाला कळलं होतं. बोटं आधी सापडली असती तर रबर बोटांपाशीच फाटलं असतं. इथे बोटांच्या पुढे सैल राहिलेलं मोज्याचं टोक आधी खळीला चिकटलं होतं, फटीत शिरलं होतं, आणि मग त्याने आपल्यामागे दादाचा हात ओढत नेला होता. साहेबाने ते रबर फडक्यात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या पिंपात टाकलं. पक्कड धुतली. मग उगाचच आणखी एकदा धुतली.

या कारखान्यात खोक्यांसाठी पन्हळी कागद तयार होई, आणि हा तिथला सेफ्टी ऑफिसर. दर दोन वाक्यांमागे 'जपून' म्हणायची सवय, म्हणून पाठीमागे सगळे त्याला जपूनसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब. त्याचं काम असं, की कुणी काही करत असेल तिथे जाऊन उभं राहायचं, त्या कामाचे टप्पे पाडायचे, कुठल्या टप्प्याला काय धोका आहे ते हुडकायचं आणि धोक्यापुढे उपाय लिहायचा. अशा तक्त्यांनी त्याच्या खोलीची भिंत भरली होती. जिने उतरण्याचाही तक्ता होता. कँटीनमध्ये त्यावरून त्याची टिंगल चाले, आणि ती चालू असताना तोही हसे, कारण आपलं काम खरं आहे याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती.

खळीचा रोलर पुसण्याचा तक्ता त्याने केला तो बायकोमुळे. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. खळीत कॉस्टिक असतं. उघड्या हातांनी रोलर पुसून पुसून दादाच्या तळहातांची सालटं निघाली होती, बोटांना भेगा पडल्या होत्या. घरी जेवायला आला की मीठ चिमटीत धरतानाही त्याचा चेहरा आंबट होई. बायको ते बघे, आणि दादा गेला की नवऱ्याला धारेवर धरी.

"अख्ख्या कारखान्याची सेफ्टी बघता. माझ्या भावाचे हात तेवढे दिसत नाहीत?"

तर त्याने हात बघितले. दादाच्या शेजारी उभं राहून सगळं काम नीट बघितलं आणि धोके दोन लिहिले. रोलरमध्ये हात सापडणं हा पहिला. उपाय, मशीन पूर्ण बंद करून पुसणे. कॉस्टिक हा दुसरा; उपाय, जाड रबरी हातमोजे. आपापल्या जागी दोन्ही बरोबर होते. पण मशीन बंद केलं की खळ वाळते, मग ती खरवडत बसावं लागतं आणि माल रखडतो. मॅनेजरने तक्त्यावर झोकात सही केली, आणि मशीन पूर्वीसारखंच चालू राहिलं. रोलर फिरता ठेवूनच पुसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जपूनसाहेबालाही. मोजे मात्र लांबून दिसत. मॅनेजरला आपल्या काचेच्या केबिनमधून हातांवर निळा रंग दिसला की त्याचा जीव भांड्यात पडे. ज्याचे हात उघडे दिसत त्याला मेमो. अशा रीतीने एक उपाय लागू झाला आणि एक भिंतीवर राहिला.

पूर्वी दादा ओल्या स्पंजने रोलर पुसे. स्पंज ओढला गेला तर सोडून द्यायचा. मोजा सोडून देता येत नाही. ही एवढीशी गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही. असल्या गोष्टी डोक्यात येण्यासाठी ज्याला पगार होता त्याच्याही नाही.

मोजे दादालाही नको होते. त्यात बोटांना काही समजत नाही, अशी त्याची तक्रार होती. तरी सगळ्यांत आधी घातले ते त्याने. घरचाच माणूस ऐकत नाही म्हटल्यावर बाकीचे आमच्या भावोजींना काय किंमत देणार, असं तो पहिलवानाला म्हणाला होता. वयाने मोठा असूनही बहिणीच्या नवऱ्याला तो कधी एकेरी हाक मारत नसे.

मॅनेजर आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. त्याने जपूनसाहेबाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, दादाच्या तब्येतीची चौकशी केली.

"दोन बोटं गेली म्हणे."

"हो. अंगठा वाचला."

"वाईट झालं. माणूस चांगला आहे." मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. "उद्या मशीन सुरू करायला हवं. तुमचा नवा तक्ता झाला की लगेच. कारण काय लिहिताय?"

"रोलर फिरत होता."

"बरोबर. आणि तुमच्याच तक्त्यात बंद करून पुसायचं असं आहे."

"बंद करून कुणी पुसत नाही, सर. तुम्हालाही माहितीय."

"मला कसं माहीत असणार? मी केबिनमध्ये असतो." हे तो चेष्टेत बोलला नाही. "हे बघा, त्याला आपण वाऱ्यावर सोडणार नाही. हलकं काम देऊ. सूचना मोडली असं ठळक लिहिलं तर मला त्याला काढावं लागेल, तेव्हा तसंही लिहू नका. अनवधानाने, असं लिहा. आणि मोजे होते हे वरती घ्या. ते आपल्या बाजूचं आहे."

मोज्यांबद्दल आत्ताच सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, लांबही नव्हतं. ते बोललं तर पुढचा प्रश्न कोणता येणार तेही त्याला माहीत होतं: मोजे कुणी लिहिले? समोर पाण्याचा ग्लास होता. त्याने तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"रोलरला जाळी बसवून घ्यायला हवी," एवढंच तो म्हणाला. "आणि पुसायला लांब दांड्याचा ब्रश."

"घेऊ ना. पुढच्या बजेटमध्ये टाका."

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला, तर वहिनी, म्हणजे दादाची बायको, वॉर्डाच्या दारातच भेटली. तिच्यासमोर कसं उभं राहायचं याचा वाटभर विचार करून तो आला होता. वहिनीने दोन्ही हात जोडले.

"तुमचे उपकार कसे फेडायचे, भावोजी?"

त्याला काही कळेना.

"मोजे नसते तर मनगटापासून गेला असता हात. हे स्वतःच म्हणाले. आणि आम्ही वेडे, मोज्यांना नावं ठेवत होतो."

आत दादा उशीला टेकून बसला होता. बँडेज बांधलेला हात त्याने परक्याची वस्तू सांभाळावी तसा मांडीवर घेतला होता. आजूबाजूला कारखान्यातली पाचसहा माणसं होती. पहिलवान पायथ्याशी उभा होता.

"या भावोजी," दादा म्हणाला. मग सगळ्यांकडे बघून, "यांच्यामुळे निभावलं. पहिलवाना, लेका, उद्यापासून मोजे घालायचे. ऐकलंस ना?"

पहिलवानाने मान हलवली. मोजे टाळण्यात त्याचा कारखान्यात हातखंडा होता. एरवी ते कंबरेला खोचलेले असत, आणि केबिनमधून कुणी बघू लागलं की मेमो नको म्हणून तो तेवढ्यापुरते चढवे. आज त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकीचेही माना हलवत होते. खाटेपलीकडे स्टुलावर बसलेली जपूनसाहेबाची बायको त्याच्याकडे बघत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती त्याच्याकडे असं बघे. मधल्या काळात ते बघणं कुठे गेलं होतं आणि आपल्याला त्याची इतकी भूक होती, हे त्याला त्या वॉर्डात, फिनेलच्या वासात, सगळ्यांच्या देखत कळलं. तो लाजल्यासारखं हसला आणि दादाच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागला.

दोन दिवसांनी गेटवर बोर्ड लागला. बोर्डावर दादाचा फोटो, बँडेजसकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'हातमोजे होते म्हणून मी वाचलो.' कल्पना मॅनेजरची. स्टोअरमधले मोजे त्या आठवड्यातच संपले. एरवी मोजे घाला म्हणून ज्यांच्या मागे मागे फिरावं लागे ती माणसं आता खिडकीशी रांग लावून मोजे मागत होती. कुठल्याही सेफ्टी ऑफिसरने आयुष्यभर जे स्वप्न बघावं, ते समोर घडत होतं. जपूनसाहेबाने जेवणाचा डबा न उघडताच परत नेला.

मशीन सुरू झालं होतं. पाळी संपताना तो खळीच्या मशीनपाशी गेला, तेव्हा पहिलवान रोलर पुसत होता. रोलर फिरत होता. पहिलवानाच्या काटकुळ्या हातांत ते जाड निळे मोजे ढगळ दिसत होते, आणि प्रत्येक बोटाच्या पुढे सैल रबर लोंबत होतं.

"मोजे काढ," तो जवळ जाऊन म्हणाला.

पहिलवान हसला. "काय साहेब. परीक्षा घेता का?"

ही साहेबाची स्वतःचीच खोड. फिरता फिरता एखाद्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, उकडतंय ना, काढ मोजे, मी काही बघितलं नाही. बिचाऱ्याने काढले की मेमो. कारखान्यात तो किस्सा सगळे एकमेकांना रंगवून सांगत.

"परीक्षा नाही. खरंच सांगतोय."

"मागच्या वेळीही खरंच सांगत होतात." पहिलवानाने मोजे मनगटावर आणखी वर ओढले. "एकदा फसलो, आता नाही. आणि दादाला शब्द दिलाय मी."

"मग मशीन बंद करून पूस."

पहिलवानाचं हसू कमी झालं. त्याने काचेच्या केबिनकडे एकदा बघितलं.

"ते तुम्ही वरती सांगा ना, साहेब," तो हळूच म्हणाला. "मला कशाला मधे घेता?"

रविवारी जपूनसाहेब एकटाच दादाकडे गेला. आता सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाला होता. दादाचा फोटो बोर्डावर आहे. दादानेच खरं काय ते सांगितलं तर माणसं ऐकतील, बाकी कुणाचं नाही. दादा रागावेल, बायको बोलणं टाकेल, नोकरीही जाईल कदाचित. जाऊ दे, असं तो वाटेत मनाशी म्हणाला, आणि म्हणताना त्याला बरंही वाटलं.

दादा खिडकीत बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होता. वहिनी चहा टाकायला आत गेली.

"दादा, एक सांगायचंय."

"सांगा की."

"मोज्यांनी तुमचा हात वाचवला नाही. मोज्यांनीच तो आत नेला. मी रोलरमधून रबर काढलं तेव्हाच मला कळलं."

दादाने बटण लावून पुरं केलं.

"बोटं माझी होती, भावोजी. मला कळणार नाही होय?"

जपूनसाहेबाने मान वर केली.

"टोक चिकटलं ते मी बघितलं," दादा म्हणाला. "हात मागे घेतला, पण मोजा निघेना. नुसता स्पंज असता तर सोडून दिला असता. एवढीच गोष्ट."

"मग तसं का बोललात सगळ्यांसमोर?"

"तुमच्या बायकोमुळे." दादाने आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "शुद्धीवर आलो तर समोर तीच. पहिलं काय विचारलं असेल? दादा, मोज्यांमुळे झालं का? मोज्यांसाठी हट्ट तिने धरला होता ना. तोंड बघवेना तिचं. मी म्हटलं, मोज्यांमुळे वाचलो. तेवढंच सुचलं बघा. मग ती ते सगळ्यांना सांगत सुटली, आणि मलाही पुढे तेच बोलावं लागलं."

"पहिलवान आता मोजे घालून रोलर पुसतो, दादा. तुमच्या शब्दाखातर."

दादाचा डावा हात दुसऱ्या बटणावर थांबला. मग त्याने खिडकीतला फोन घेतला. डाव्या अंगठ्याने नाव शोधताना चुकलं, पुन्हा शोधलं. पडद्यावर पहिलवानाचं नाव आलं.

वहिनी कपबशा घेऊन आली.

"यांना सांगितलंत का?" ती नवऱ्याला म्हणाली, आणि स्वतःच सांगू लागली. "मॅनेजरसाहेब येऊन गेले, भावोजी. यांना गेटवर खुर्ची देणार आहेत. नवी माणसं येतात त्यांना मोज्यांचं समजावून सांगायचं, बस्स. रोलर नको, खळ नको. या वयात, असल्या हाताने, दुसरं कुणी उभं केलं असतं का यांना? मला तर रात्री झोप लागली नाही आनंदाने."

दादाने फोन पालथा करून खिडकीत ठेवला.

"चहा घ्या," तो म्हणाला.

चहा संपला आणि वहिनी कपबशा उचलून आत गेली.

"पहिलवानाचा हात चपळ आहे," दादा मग म्हणाला. "माझ्यापेक्षा चपळ. त्याला नाही काही होणार."

"दादा."

"तुम्ही काही बोलू नका, भावोजी. तुमच्या पाया पडतो."

दादा खरोखरच वाकू लागला, तेव्हा त्याने घाईने त्याचे खांदे धरले. मोठ्या मेहुण्याने आपल्या पाया पडावं, एवढी वेळ आणली आपण, असं त्याला वाटलं आणि शरमेने कानशिलं तापली. पण जिना उतरताना छातीवरचं ओझंही उतरलं होतं, आणि त्याची शरम जास्त होती. आपण दादाकडे कशासाठी आलो होतो ते त्याला खालच्या पायरीवर कळलं. दादाने नको म्हणावं म्हणूनच तो आला होता.

काहीच केलं नाही असं मात्र झालं नाही. त्याने स्टोअरवाल्याला गाठून पातळ मोज्यांची पेटी मागवली, डॉक्टर तपासताना घालतात तसल्यांची. त्या मोज्यांना झेपेल तेवढं कॉस्टिक ते अडवतात, आणि ओढलं गेलं तर लगेच फाटून सुटतात. तक्त्यात त्याने 'जाड' हा शब्द खोडून 'योग्य' असं लिहिलं. मॅनेजरने झोकात सही केली. पहिलवानाला पहिली पेटी त्याने स्वतः नेऊन दिली, मोजे हातात घालून दाखवले, बोटाला घट्ट बसतात बघ, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधीच पहिलवान त्याच्या खोलीत आला. त्याने पेटी टेबलावर ठेवली.

"हे नकोत, साहेब. नुसतं ओढलं तरी टराटरा फाटतात." त्याने एक फाटका मोजा दाखवला. "असल्यांनी काय हात वाचणार? बायको म्हणाली, खर्च वाचवायला दिलेत, परत देऊन या."

"खर्चासाठी नाही रे."

"मग कशासाठी?"

पहिलवान वाट बघत उभा राहिला. साधा प्रश्न होता आणि विचारणारा मनापासून विचारत होता. भिंतीवरचे तक्ते पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते. बाहेर मशीन तापायला लावल्याचा आवाज सुरू झाला.

"दादाचे जाड होते ना?" पहिलवानाने विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग उठला, कपाट उघडलं, आणि जाड मोज्यांमधून त्याच्या हाताला बसेल असा त्यातल्या त्यात लहान जोड शोधू लागला.